सहाफुटी काठी

वैशाखातल्या वादळात पारशिवनीच्या गायरानात बायांनी लावलेल्या सुबाभळी कमरेतून मोडल्या. लागवडीचे साहेब म्हणाले, “मेहनत वाया गेली. दसऱ्यानंतर खुंट उपटून जमीन परत घेऊ.” बायांमधल्या थोरल्या प्रयागबाईंनी कोयता उचलला. मग सगळ्यांना घेऊन त्यांनी प्रत्येक खोड गुडघ्याएवढं ठेवून तिरपं कापलं, कारण सपाट खुंटावर पाणी साचून तो कुजतो. पावसाळाभर एकही शेळी फिरकू दिली नाही. दसऱ्यानंतर साहेब आले आणि हिरवं रान पाहून थबकले. “नवीन रोपं कुठून आणलीत?” “नवीन काहून आनू?” प्रयागबाई म्हणाल्या. “तीच झाडं हायेत. वाकून पाहा.” साहेब वाकले. प्रत्येक तिरप्या खुंटातून चार-पाच फुटवे वर गेले होते. त्यांनी उंची मोजायची सहाफुटी काठी उभी केली. ती शेंड्यापर्यंत पोचेना. प्रयागबाईंनी पदर खोचला. “पुढच्या खेपेले मोठी काठी आनजा, साहेब.”