डोळे बसवताना

डोळा पुन्हा माशाचाच झाला. म्हाळूने माऊस सोडला आणि रंग लागल्यासारखा पंजा पँटला पुसला.

"काढू नका मामा," शेजारच्या स्टुलावरून करुणा म्हणाली. "इथं काढायचं नसतंय. उचलायचं आन् बसवायचं."

करुणा ही स्टुडिओतली कॉम्प्युटर ऑपरेटर, वयाने म्हाळूच्या मुलीएवढी. म्हाळू दौंडच्या या स्टुडिओतला जुना पेंटर. आसपासच्या गावांत माणूस गेलं आणि त्याचा धड फोटो नसला, की त्याला खुर्चीत बसवून फोटो काढायचा आणि म्हाळूने ब्रशने त्याचे डोळे उघडायचे, अशी रीतच पडली होती. मेलेल्यांचे डोळे उघडता उघडता त्याचे स्वतःचे केस पिकले. वर्षभरापूर्वी मालक जयसिंगरावांनी कॉम्प्युटर आणला होता आणि आज सकाळी सांगून टाकलं होतं, "पेंटर, रंगाच्या बाटल्या बंद. आजचं काम ह्याच्यावर जमलं तर खुर्ची तुमची. न्हाई तर घरी आराम करा." घरी आराम करणं म्हाळूला परवडणारं नव्हतं. कारेगावच्या कंपन्यांत तो विचारून आला होता. या वयात त्याला कोणी वॉचमन म्हणूनही उभं करत नव्हतं.

आजचं काम म्हणजे कासुर्डीच्या धुरपदाबाईंची आई. मतदार कार्डावर तिचा फोटो होता, पण त्यात म्हातारी आहे की पोतं, ते सरकारलाच ठाऊक. म्हणून अंगणात खुर्चीवर बसवून, मागून नातवाने मान धरून काढलेला फोटो आता स्क्रीनवर होता. दुसऱ्या दिवशी दहावा होता आणि धुरपदाबाई बाकड्यावर ताटकळत बसल्या होत्या.

म्हाळूने सवयीने विचारलं, "ताई, आई बघायच्या कशा? रोखून, का जरा दबून?"

"बघायची की चांगली. आवरा पेंटर, माझी यष्टी जाईल."

करुणाने एक फोल्डर उघडलं. स्क्रीनभर नुसते डोळे. वर पुरुषांचे, खाली बायकांचे, जोड्या लावून ठेवलेले. चेहरा एकालाही नव्हता. म्हाळूला ते बघवेना, पण शिकायचं तर बघायलाच हवं होतं. त्याने एक जोडी उचलून म्हातारीला लावली, तर ती दचकल्यासारखी दिसू लागली. दुसरी कुठल्याशा नवरीची निघाली. काजळ घालून म्हातारी स्वतःच्याच दहाव्याला नटून आल्यासारखी झाली.

"हे घ्या," करुणाने एका जोडीवर बोट ठेवलं. "हे कुठल्याबी म्हातारीला बसत्यात. आपल्या भिंतीवरच्या नमुन्यातनंच स्कॅन केलेत मी."

डावी पापणी किंचित खाली उतरलेली. म्हाळूला ओळखायला वेळ लागला नाही. ते त्याच्या आईचे डोळे होते. ती गेली तेव्हा तिचाही असाच मिटल्या डोळ्यांचा फोटो काढला होता, आणि आठवून आठवून, रडत, पुसत, पुन्हा काढत त्याने त्यात डोळे रंगवले होते. त्याहून चांगलं काम त्याच्या हातून कधी झालं नाही. म्हणून तर जयसिंगरावांनी त्याची एक प्रत दुकानात लावून घेतली होती.

"लई जणींना बसवलेत व्हय हे?" त्याने विचारलं.

"लई. केडगावच्या त्या पाटलीणबाई, यवतच्या चेअरमनची आई, पारगावच्या मामी... समदे म्हणत्यात, जिती हाय वाटतं."

असल्या घरांच्या ओट्यापर्यंत म्हाळूची आई जात असे, सरपण टाकायला. आत तिला कधी कोणी घेतलं नव्हतं. आता ती आत, बैठकीच्या भिंतीवर, चंदनाच्या हारात होती. यावर एखाद्याला हसू आलं असतं. म्हाळूला आलं नाही. करुणाला सांगावं असं त्याला फार वाटलं. पोरगी मनाने चांगली होती, तिने ते डोळे लगेच पुसून टाकले असते. पण मग या म्हातारीला काय लावायचं, आणि उद्या आपण कुठे बसायचं? तो गप्प राहिला आणि आपल्या गप्प राहण्याची त्याला लाज वाटली.

त्याने माऊस धरला. डोळ्यांभोवती रेघ फिरवली, उचलले, बसवले, कडा पुसट केल्या, कातडीचा रंग जुळवून घेतला. शिकायला बसल्यापासून पहिल्यांदाच त्याला काही पुसून पुन्हा करावं लागलं नाही.

"झकास!" करुणा म्हणाली. "आता ती डावी पापणी तेवढी वर घ्या. फॉल्ट हाय त्यात. मी दरवेळी सरळ करती."

लहानपणी आईला देवी आल्या होत्या, तेव्हापासून ती पापणी तशी होती. म्हाळूने ती थोडी वर घेतली. मग आणखी थोडी. उजव्यासारखीच झाली.

काउंटरवरून जयसिंगराव डोकावले. "जमलं की, पेंटर."

धुरपदाबाई उठून जवळ आल्या आणि त्यांनी पदर तोंडाशी धरला. "बया! माझ्याकडंच बघती की वो!" त्यांनी काचेला हात लावून तो कपाळाला टेकवला. मग भरल्या डोळ्यांनी म्हाळूकडे वळल्या. "खरं सांगा पेंटर, माझ्याकडंच बघती न्हवं?"

म्हाळूने स्क्रीनकडे पाहिलं. आई त्याच्याकडे बघत होती.

"व्हय ताई," तो म्हणाला. "तुमच्याकडंच."