जानव्याची किल्ली

बोईसरच्या त्या रंगाच्या कारखान्यात माल रवाना करायचा प्रोग्राम दामलेसाहेबांनी म्हणे स्वतः घाम गाळून लिहिला होता. त्याचा सोर्स कोड फ्लॉपीत, फ्लॉपी कपाटात आणि कपाटाची किल्ली साहेबांच्या जानव्याला.

अठ्ठ्याण्णव साली तो प्रोग्राम ऐन गर्दीच्या दिवशी बंद पडला. भरलेले ट्रक गेटवर खोळंबले. साहेबांनी दुरुस्ती कारखान्यात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या चिंचणीच्या कुंदा राऊतच्या गळ्यात मारली, पण कपाट काही उघडलं नाही. "कोड बाहेर गेला की संपलं!"

कुंदानं मग मासिकाबरोबर फुकट आलेली मुक्त सॉफ्टवेअरची, म्हणजे कुणीही कोडसकट घ्यावेत अशा प्रोग्रामांची, सीडी लावली आणि स्क्रीनवरचा एरर तिच्यात शोधला. तर काय! अख्खा प्रोग्राम तिथे, ओळीला ओळ तोच, माहितीपुस्तिकेसकट, कुणा परदेशी माणसाच्या नावावर. पुस्तिका वाचून तिनं प्रोग्राम चालू केला, ट्रक सोडवले आणि साहेबांना स्क्रीनपुढे बसवलं. आता साहेब तोंड कुठे लपवतात, तेच तिला बघायचं होतं.

"साहेब, हा आपलाच ना?"

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. जानव्याची किल्ली चाचपली.

"बघ कुंदा, एवढं कुलूप लावूनसुद्धा चोरलाच मेल्यांनी!"