चार ते सव्वाचार

“ही चादर वाळत घालतात की नुसती दाखवायला काढतात?” दुर्बिणीला डोळा लावून बाई म्हणाल्या.

बाई निवृत्त शिक्षिका. रोज पायवाटेने टेकडी चढून यायच्या आणि वर आल्या की कुणाच्या तरी घरात डोकावायच्या. दुर्बीणवाला चहाचा पेला घेऊन शहराकडे पाठ करून बसला होता. चार ते सव्वाचार दुर्बीण लोकांना बंद. नोकरी लागली तेव्हा त्याने बायकोला ऐटीत सांगितलं होतं, “तेवढा वेळ दुर्बीण आपली एकट्याची!” पण बारा वर्षं लोकांना शहर दाखवून त्याला शहराचाच वीट आला होता. बाईंना मात्र तो नाही म्हणू शकत नसे.

“आठवडाभर बघतेय. बरोबर चारला बाहेर, सव्वाचारला आत. पंधरा मिनिटांत रुमालसुद्धा वाळत नाही हो.”

तो हसत उठला आणि त्याने डोळा लावला. पाण्याची टाकी, शाळेचं मैदान, मागे तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी. कठड्यावर पिवळी चादर; एवढ्या लांबून रंगच तेवढा कळत होता. त्याच्याच लग्नातली.

“कुणाचं घर असेल?”

“काय माहीत,” तो म्हणाला. चहा गार होऊन गेला.

संध्याकाळी जेवताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, “दिवसभर काय केलंस?”

“काय करणार? रोजचंच,” बायको म्हणाली. “तुम्हाला ठाऊकच आहे की.” आणि हसली.

त्या हसण्याने त्याच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा चादर. तिसऱ्या दिवशीही. सोमवारी टेकडी बंद, तो घरीच होता. चारच्या सुमाराला गॅलरीत येरझाऱ्या घालत राहिला. चादर कपाटातून हललीसुद्धा नाही. म्हणजे नवरा घरी असला की नाही! आणि वेळ तरी कशी निवडली, नेमकी दुर्बीण बंद असते तेव्हाची. ती वेळ त्यानेच सांगितलेली. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता त्याने.

मग ही खूण कुणासाठी, असा विचार करताना त्याला लाल टोपीवाला आठवला. रोज चारला तो दुसऱ्या वळणावर थांबून शहराकडे बघत असे. बुधवारी दुर्बीणवाला खाली उतरून त्याच्यासमोर उभा राहिला.

“रोज काय बघता इथून?”

“बघतोय कसला? दम खातोय,” पोटावर हात ठेवत लाल टोपीवाला म्हणाला. “डॉक्टरांनी चढायला सांगितलंय, त्यांचं काय जातंय!”

दुर्बीणवाल्याचं समाधान झालं नाही. एकदा संशय शिरला की माणसाला दम खाणाराही चोर वाटतो.

गुरुवारी तीनलाच त्याने दुर्बिणीची किल्ली बाईंच्या हातात दिली. “जरा घरी जाऊन येतो.”

“बरं नाही का?”

“बरंय की.”

सर्वांत उभ्या पायवाटेने तो जवळजवळ धावतच उतरला. दोनदा घसरला, कोपर खरचटलं. बस येईना म्हणून चालत सुटला. जिने एका दमात चढला. घरात ती एकटीच असू दे, एवढंच तो मनाशी घोकत होता. चाव्या हातातून पडल्या. उचलल्या. दार आवाज न करता उघडलं.

घरात दुसरं कुणी नव्हतं. गॅलरीत चादर टाकलेली होती. बायकोने केस नीट विंचरले होते, ठेवणीतले कपडे घातले होते. चवड्यांवर उभी राहून ती टेकडीकडे हात हलवत होती, आणि एकटीच हसत होती. असं हसताना त्याने तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याला राग यायला हवा होता, पण आधी रडूच आलं.

“कोण आहे तिकडे?” त्याने विचारलं.

ती दचकून वळली. त्याच्याकडे बघितलं, टेकडीकडे बघितलं, पुन्हा त्याच्याकडे. हात अजून वरच होता.

“अहो, तुम्ही इथे?” ती म्हणाली. “मग आज दुर्बिणीतून मला बघतंय कोण?”