अर्धा गुण

एकशेवीस अंशांचा कोसाइन काढताना पोरं साठचा संदर्भ कोन बरोबर धरायची, उत्तर 'एक छेद दोन' लिहायची आणि उणे चिन्ह विसरायची. "किंमत अचूक आहे ना? मग एका चिन्हापायी कशाला जीव घ्यायचा पोरांचा!" म्हणत सर अर्धाच गुण कापायचे.

त्यांतलाच एक जण पुढे क्रेनवरचा इंजिनिअर झाला. काल त्याच्या हिशेबाने लोखंडी तुळई उजवीकडे उतरणार होती. ती डावीकडे उतरली, तिथे उभ्या असलेल्या फिटरवर.

आज तो सरांच्या दारात उभा राहून रडत होता. "सर, आकडा अगदी बरोबर होता हो. फक्त उणे चिन्ह राहिलं."



मांडीवरचं आपल्या फिटर मुलाचं हेल्मेट कुरवाळत सर म्हणाले, "म्हणजे अर्धाच गुण गेला."