तिसऱ्या ओळीनंतर

१९५२ साली मी साक्रीजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर म्हणून आलो आणि चर्चमधली पायपेटी वाजवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. पहिल्याच रविवारी गीताच्या तिसऱ्या ओळीनंतर सगळी मंडळी एकदम गप्प झाली. मी एकटाच पुढे वाजवत गेलो. दर गीताला तेच.

शेवटी चर्च झाडणाऱ्या उखर्डूआबांना मी चिडून विचारलं, "इथे थांबायचं कुठे लिहिलंय?"

"तठे रिबकाबाईना खोकला शे, मास्तर."

माझ्याआधी पेटी वाजवणाऱ्या रिबकाबाईंना दमा होता. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

हळूहळू मीही तिथे हात उचलायला लागलो.

काल माझ्या बदलीचा हुकूम आला. आठ वर्षं वाजवलं. माझ्यामागे ही माणसं कुठे थांबतील? मला तर साधा खोकलासुद्धा नाही.