एक जून

"हे अक्षर तुमचंच ना?" सरकारी वकिलांनी विचारलं.

आनंदीबाईंनी चष्मा सावरला. साक्षीदाराच्या पिंजऱ्याच्या कठड्यावर शाळेचं जुनं जनरल रजिस्टर उघडून ठेवलं होतं. समाधान रामदास ओव्हाळ. इयत्ता पहिली. जन्मतारीख एक जून एकोणीसशे नव्वद. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, तरी स्वतःचा 'ज' त्यांनी लगेच ओळखला.

"माझंच. पण तारीख खरी नाही."

"खरी नाही म्हणजे?"

"मुलगा चौदा ऑक्टोबरचा. जूनमध्ये त्याला पाच पुरी नव्हती. पाच पुरी नसली तर नाव घालता येत नव्हतं. म्हणून मी एक जून लिहिलं."

मागच्या बाकावर समाधान दोन हवालदारांच्या मध्ये बसला होता. महिन्यापूर्वी, चार सप्टेंबरला, एका आयटी कंपनीच्या आवारात बस कुठे लावायची यावरून दोन क्लीनर पोरांची जुंपली. समाधानच्या हातात जॅकचा दांडा होता. दुसरा मुलगा दवाखान्यात पोचेपर्यंत गेला. हे समाधानने कुणापाशी नाकारलं नव्हतं. आज प्रश्न एवढाच होता, की त्या दिवशी तो अठराचा होता की नव्हता. नसला, तर मुलांच्या न्यायमंडळापुढे जाणार आणि फार तर तीन वर्षं सुधारगृहात काढणार. असला, तर मोठ्यांच्या तुरुंगात खुनाचा आरोपी. रजिस्टरप्रमाणे त्याला अठरा पुरी होऊन तीन महिने झाले होते. खरं म्हणजे चाळीस दिवस बाकी होते.

"चौदा ऑक्टोबर तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्याच्या आईनं. धम्मचक्र दिनाचे झेंडे वस्तीत लावत होते, त्या सकाळी ती घरीच बाळंत झाली."

"जन्माची नोंद केली होती?"

"नाही."

"सुईण?"

"वारली."

वकिलांनी मान डोलावली, जणू सुईणही ठरवूनच वारली होती.

आनंदीबाईंना तो जून लख्ख आठवत होता. मांजरीच्या रस्त्याला पहिल्या उंच इमारती उठत होत्या आणि समाधानची आई चंपा तिथे विटा वाहायची. आदल्या आठवड्यात तिच्याबरोबरच्या बाईची मुलगी पाण्याच्या टाकीत बुडून गेली. चंपा पोराला कडेवर घेऊन वर्गाच्या दारात उभी राहिली. "बाई, दिसभर याला तिथं कुठं ठिवू? तुमच्या हितं बसू द्या. शिकला न्हाय तरी चालंल." बाईंनी रजिस्टर ओढलं. चार महिन्यांनी काय होतंय, असं त्यांना वाटलं होतं.

"अशा किती मुलांच्या तारखा तुम्ही मनाने घातल्यात?"

"पुष्कळ."

"म्हणजे शिक्षिका असताना खोटं लिहीत होतात आणि साक्षीदार झाल्यावर खरं बोलताय." वकिलांनी आवाज जराही चढवला नव्हता. "आम्ही कुठल्या बाईंवर विश्वास ठेवायचा?"

"आत्ताच्या," आनंदीबाई म्हणाल्या.

टायपिस्टने न्यायाधीश मॅडमकडे पाहिलं आणि मग ते एका शब्दाचं उत्तर टाइप केलं.

न्यायाधीश तरुण होत्या. त्यांनी रजिस्टर स्वतःकडे मागून घेतलं, तो एकच रकाना बराच वेळ पाहिला आणि मिटून ठेवलं.

"बाई, तुम्ही खरं सांगत असाल. मला तसं वाटतंही," त्या म्हणाल्या. "पण मुलगा दहावीपर्यंत गेला नाही, तेव्हा पहिल्या शाळेतली नोंद धरायची, असा नियम आहे. ही नोंद नसती तर मी त्याला डॉक्टरांकडे पाठवलं असतं. नोंद आहे."

"ती मीच केलीय, मॅडम."

"म्हणूनच."

पुढचं सगळं इंग्रजीत झालं. समाधानचा वकील, मोफत मदतीतून मिळालेला, दोनदा उठला आणि दोनदा बसला. आनंदीबाईंना त्यातलं एटीन तेवढं कळलं.

बाहेर व्हरांड्यात चंपा भिंतीला टेकून उभी होती. आनंदीबाईंना तिच्याकडे बघवेना. तीच पुढे आली.

"तुमी आलात, बाई. कोन येतं?"

"चंपा, माझ्यामुळं झालं गं हे."

चंपाने मान हलवली, पण ती हो म्हणाली की नाही, ते कळलं नाही. "तवा न्हाई घेतला असता तर त्यो टाकीत गेला असता," ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं.

तेवढ्यात समाधानला बाहेर आणलं. जिन्याखाली कैद्यांची गाडी उभी होती आणि व्हरांड्याच्या टोकाला एक हवालदार पॅडवर यादी धरून गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहून घेत होता. समाधानच्या ओठांवर नुकती मिसरूड फुटत होती. पोलिसांनी बांधलेली दोरी हाताला काचत होती, म्हणून त्याने कोपरं पोटाशी धरली होती.

"नाव?"

"समाधान रामदास ओव्हाळ."

"वय?"

समाधान थांबला. हवालदाराने पेन न उचलता पुन्हा विचारलं, "अरे, वय सांग की."

त्याने आईकडे पाहिलं नाही. वर्गात उत्तर न येणारं पोर बघतं, तसं त्याने बाईंकडे पाहिलं.