ढाणकीचा गहू

"माही ओळ कडेले नाही, मधात पेरा. रोगाच्या मांडीले मांडी लावून," विजयमालानं बजावलं.

अभिषेक हसला. दारव्ह्याजवळच्या तिच्या शेतातला एक तुकडा त्याच्या संशोधन केंद्रानं घेतला होता. कोणता गहू तांबेऱ्याला दाद देत नाही, ते पाहायचं होतं. म्हणून रोगाला हमखास बळी पडणारा गहू मधूनमधून पेरायचा, त्यावर मुद्दाम तांबेरा सोडायचा आणि फवारणी अजिबात करायची नाही.

"ताई, जुनं वाण आहे. टिकणार नाही."

"माह्या माईनं ढाणकीत जलमभर पेरला. एका पानावर डाग नाही पाह्यला मी."

आई गेली, भावांनी शेत विकलं. उरला तो तिनं लेकीच्या ओटीत घातलेला गहू. तो नुसता जुना म्हणून कुणी बाजूला सारावा, हे विजयमालाला मुळीच खपणार नव्हतं. सासूबाईंनी कोठीतून बी काढून दिलं आणि पुटपुटल्या, "जाऊ दे न माय. कायले साहेबाशी भांडून राह्यली?" सासूबाई पहिल्यापासूनच भित्र्या. विजयमालानं लक्ष दिलं नाही.

माघात तांबेरा भडकला. पानाला बोट लावलं तरी विटकरी भुकटी लागे. स्वच्छ राहिल्या दोनच ओळी. एक केंद्राच्या नव्या जातीची, आणि तिच्या शेजारची विजयमालाची.

"वहिनीनं चोरून फवारलं असन," दीर गोपाल चारचौघांत म्हणाला.

विजयमालाचं डोकं फिरलं. तिनं रोगट पानं ओरबाडली आणि सगळ्यांदेखत आपल्या गव्हावर घासली. हात कोपरापर्यंत तांबडे झाले.

"घ्या! आता रोज इथं बसा अन् पाहा, कोन फवारते ते."

गोपाल तर डबा घेऊनच बसायला लागला. गहू हिरवाच राहिला.

अभिषेक उकिडवा बसून पानं उलटीपालटी करत होता. "कमाल आहे. दिसतोही आमच्या जातीसारखाच. उंचीसुद्धा तीच."

"चांगल्या घरच्या पोरी सारख्याच दिसतेत, साहेब."

तो उठला. "चुकलो, ताई. तुमच्या गव्हातलं प्रतिकाराचं जनुक आम्ही संकर करून नव्या जातीत आणू. तिला तुमच्या आईचं नाव देऊ. काय नाव त्यांचं?"

"धनीबाई!" विजयमाला एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की पलीकडे तूर कापणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलंही नाही.

घरी येताच तिनं सासूबाईंना मिठी मारली. "जिंकली माही माय!"

सासूबाईंनी तिला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटून घेतलं.

"त्या साहेबाले थांबव, बाई. तुही लेक जलमली तवा तू दवाखान्यात होती. तुह्या माईच्या गव्हाले किडे लागले. मी भ्याली, निवडून दळून आणला, अन् पोळ्या करून सगळ्यायले खाऊ घातला. कोठीत भरला तो याच साहेबायनं शिबिरात फुकट वाटलेला."